नांदायला चल, कोर्टाचा हुकूम आहे

आमचं लोणखेडा शहाद्याला अगदी लागून आहे. दोन्ही गावांच्या मधली मोकळी जागा आता नावालाच उरलीये. सकाळी कॉलेजच्या वेळी एसटी आणि काळीपिवळीतून उतरणाऱ्या मुलींकडे पाहिलं, तर अख्खा जिल्हा दिसतो. गुजर पाटलांच्या मुली, भिल्ल आणि पावरा पाड्यांवरून आलेल्या मुली, शहाद्यातल्या मुसलमान मोहल्ल्यातल्या मुली, नवापूरकडच्या ख्रिस्ती आदिवासी घरातल्या मुली. सगळ्या एकाच बाकावर बसतात, एकाच मोबाइलवर रील्स बघतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतली एक मुलगी माहेरी निघून आली. नवरा मारत नव्हता, पण नांदवतही नव्हता, असं तिच्या आईचं म्हणणं. चार महिन्यांनी तिला कोर्टाची नोटीस आली. तिनं पोटगी मागण्याआधीच नवऱ्यानं दावा लावला होता: बायकोनं परत येऊन माझ्यासोबत राहावं, असा कोर्टानं हुकूम द्यावा. वकिलांच्या भाषेत ही ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’. आमच्याकडे लोक म्हणतात, ‘त्यानं नांदायला बोलवायची केस टाकली.’

नोटीस वाचून तिच्या आजीनं जे विचारलं त्यानं मला या लेखाच्या नादाला लावलं. आजी म्हणाली, ‘कोर्टाला काय पडलंय ती कुठं झोपते त्याचं?’

प्रश्न साधा आहे. उत्तर शोधायला मात्र मला इंग्लंडच्या चर्चमध्ये जावं लागलं, तिथून कलकत्त्याच्या एका बेगमच्या घरी आणि शेवटी मुंबईत रखमाबाईंच्या दारात.

एका बाकावर चार कायदे

आधी त्या बाकाकडे परत बघू. हिंदू मुलीला हिंदू विवाह कायदा, 1955 लागू होतो. त्याच्या कलम 9 खाली नवरा किंवा बायको, कुणीही जोडीदाराला परत बोलवण्याचा दावा लावू शकतं. ख्रिस्ती मुलीला घटस्फोट कायदा, 1869 लागू होतो. त्याच्या कलम 32 मध्ये हेच आहे. मुसलमान मुलीसाठी असं कलम कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, पण 1867 सालच्या एका निकालामुळे तिच्यावरही असा दावा लागतो. भिल्ल किंवा पावरा मुलगी यातून बाहेर राहते. केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, असं त्याच कायद्यात म्हटलंय. तिच्या समाजात नवऱ्याकडचे लग्नात देज देतात. पटलं नाही तर पंच बसतात, देजाचा हिशोब होतो आणि बाई मोकळी होते. हिशोबावरून भांडणं होतात, मारहाणही होते. त्या पद्धतीत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. याच शहादा तालुक्यात 1970च्या दशकात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांना दारूचे अड्डे फोडावे लागले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारावा लागला. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. न येणाऱ्या बायकोला आणण्याचा हुकूम देणारं कोर्ट त्या रीतीत नाही.

मग बाकीच्या तिघींसाठी ते कुठून आलं? ‘आपली संस्कृती’ हे उत्तर आपल्याकडे लगेच मिळतं. ते चुकीचं आहे.

पौलाचं देणं

ख्रिस्ती परंपरेनं शरीरसंबंधाकडे सुरुवातीपासून थोड्या संशयानं पाहिलं. संत पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अविवाहित राहणं हेच अधिक बरं मानलंय. ज्यांना संयम जमत नाही त्यांनी लग्न करावं. पण त्याच पत्रात तो एक वेगळीच गोष्ट सांगतो. नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार आणि बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा. दोघं एकमेकांचं देणं लागतात आणि दूर राहायचं असेल तर दोघांच्या संमतीनं, थोडे दिवसच.

पहिल्या शतकात ‘बायकोचाही अधिकार’ हे म्हणणं मोठंच होतं. मध्ययुगातल्या चर्चच्या कायदेपंडितांनी या देण्याला रीतसर नाव दिलं, वैवाहिक ऋण. ऋण म्हटलं की वसुली आली. त्यातच चर्चनं लग्न हा संस्कार मानला. देवानं जोडलेलं माणसानं तोडायचं नाही. मग एकमेकांना सोडून राहणाऱ्या जोडप्याचं करायचं काय? तोडता येत नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरतो, परत जोडणं. इंग्लंडच्या चर्च-कोर्टांनी हाच मार्ग धरला. सोडून गेलेल्या जोडीदाराला ‘परत जा’ असा हुकूम व्हायचा. ऐकलं नाही तर चर्चमधून बहिष्कार. 1813 मध्ये बहिष्काराच्या जागी सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंग आला. 1857 पर्यंत इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला कुठल्याही कोर्टातून पूर्ण घटस्फोट मिळत नव्हता. त्यासाठी संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागे आणि तो खर्च श्रीमंतांनाच झेपायचा.

म्हणजे ‘नांदायला चल’ हा हुकूम एका विशिष्ट घराचा भाग होता. ज्या घराला बाहेरचं दारच नाही अशा घराचा. दार नसलेल्या घरात माणसाला आत राहायला सांगणं क्रूर असेल, पण त्याला त्या घरापुरता तर्क होता.

करार

इस्लामी परंपरेचं घर वेगळ्या नकाशावर बांधलेलं आहे. तिथं ब्रह्मचर्याला मान नाही. लग्नातलं शरीरसुख हे संशयानं पाहायचं प्रकरणच नाही. अकराव्या शतकातला मोठा धर्मपंडित अल-गझाली लग्नावर लिहिताना, बायकोचं समाधान होईपर्यंत नवऱ्यानं थांबावं, असं अगदी सरळ सांगतो. नवऱ्यानं बायकोजवळ न जाण्याची शपथ घेतली, तर कुराणानं त्याला चार महिन्यांची मुदत दिलीये. त्यानंतर एकतर परत यायचं, नाहीतर तिला मोकळं करायचं. तिला लटकत ठेवायचं नाही.

आणि निकाह हा करार आहे. एकानं प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्यानं कबूल करायचा, साक्षीदार हवेत आणि मेहर ठरायला हवी. मेहर बायकोची असते, तिच्या बापाची नाही. देजापेक्षा ती इथं वेगळी पडते. काही मेहर लगेच द्यायची, काही पुढे कधीतरी. हनफी पंथाच्या कायद्यात, म्हणजे भारतातले बहुतेक मुसलमान जो मानतात त्यात, लगेच द्यायची मेहर मिळेपर्यंत नवी नवरी नवऱ्याकडे जायला आणि त्याला जवळ येऊ द्यायला नकार देऊ शकते. तो नकार कायदेशीर आहे. नवऱ्याचं घर विनाकारण सोडलं तर तिची पोटगी थांबते, ही त्या ग्रंथांतली ठरलेली शिक्षा.

हे घरही काही समतेचं नव्हतं. नवरा एकतर्फी तलाक देऊ शकत होता. बायकोला सुटायचं तर खुला मागावा लागे आणि तिथं नवऱ्याच्या होकारावर घोडं अडायचं. तो चार बायका करू शकत होता. आज्ञा पाळायची ती तिनंच. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तो याच एकतर्फी तलाकविरुद्ध आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सातच बायका होत्या, पण महाराष्ट्र अजून त्यांची आठवण काढतो.

तरीही फरक मोठा आहे. ख्रिस्ती घराला बाहेरचं दार नव्हतं. मुसलमान घराला दारं होती, फक्त किल्ल्यांचा जुडगा बहुतेक नवऱ्याच्या कमरेला होता.

सामान बदललं

इंग्रज इथं आले तेव्हा त्यांनी जाहीर केलं होतं की लग्न आणि वारसा या बाबतीत ज्याचा त्याचा धर्मकायदा चालेल. प्रत्यक्षात न्यायाधीश इंग्रज होते आणि लग्न म्हटल्यावर त्यांना आठवायचं ते चर्चचंच घर.

पहिली गाठ मुंबईत पडली. एका पारशी बाईनं, पेरोजबाईनं, तिला घरात न घेणाऱ्या नवऱ्यावर दावा लावला. होय, पहिली मागणी बाईची होती. तिला घरात जागा आणि खर्च हवा होता. 1856 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की हा उपाय ख्रिस्ती चर्च-कायद्याचा आहे, तो ख्रिस्ती नसलेल्यांना त्या रूपात लावता येणार नाही. इथवर तर्क शाबूत होता.

अकरा वर्षांनी तो ढळला. कलकत्त्याचे मुन्शी बुझलूर रहीम आणि त्यांची बेगम शमसुन्निसा यांचं भांडण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. बेगम आधीची श्रीमंत विधवा. तिच्या मालकीच्या रोख्यांवरून वाद पेटला होता आणि ती घर सोडून गेली होती. नवऱ्यानं ती परत मिळावी म्हणून दावा लावला. 1867 मध्ये कौन्सिलनं म्हटलं की मुसलमान नवऱ्यालाही असा दावा लावता येतो. निकाल मुसलमानी कायद्याच्या तत्त्वांनी द्यावा, छळ झाला असेल तर बायकोला बचाव आहे, ही पुस्ती त्यांनी जोडली. पण मूळ गोष्ट घडून गेली. दार नसलेल्या घरासाठी बनवलेलं कुलूप, दारं असलेल्या घराला लागलं.

1886 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी निकाह हा संस्कार नसून करार आहे, हे पुन्हा ठामपणे मांडलं. आणि करार आहे म्हणूनच तो पाळायला लावता येतो, असंही सांगितलं. लग्न झाल्यावर जोडपं एकदा एकत्र राहिलं असेल, तर मेहर थकली म्हणून बायको दावा पूर्ण उडवून लावू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. संस्कारातून निघालेला हुकूम आता कराराच्या भाषेत बोलायला लागला.

रखमाबाईंचं ‘नाही’

याच सुमारास मुंबईत ते प्रकरण चाललं होतं जे आपण शाळेत दोन ओळींत वाचतो.

रखमाबाईंचा जन्म 1864चा. सुतार समाज. वडील लवकर गेले, आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्या समाजात विधवेचं लग्न होत असे. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी लागलं. त्या माहेरीच राहिल्या, वाचायला शिकल्या. दादाजी मामाकडे राहत होते, शिक्षण सुटलं होतं, तब्येत बरी नव्हती. 1884 मध्ये त्यांनी दावा लावला: बायको माझ्या स्वाधीन करा.

रखमाबाईंचं उत्तर त्या काळात कुणी ऐकलंच नव्हतं. मला कळायच्या आत हे लग्न झालं, मी त्याला संमती दिलेली नाही, म्हणून मी जाणार नाही. 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावानं बालविवाहावर पत्रं आली, ती त्यांचीच होती.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, मग पुनःस्थापना कशाची? हिंदू कायद्यात असा दावाच नाही, तो इंग्लंडातून आणून इथं लावलाय आणि इंग्लंडातही आता लोकांना तो नकोसा झालाय. ते खरंच होतं. 1884 मध्ये ब्रिटिश संसदेनं या हुकुमासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं होतं. भारतातल्या दिवाणी कायद्यात मात्र तुरुंग तसाच होता.

अपील झालं. 1886 मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हेंचा निकाल फिरवला. त्यांनी आधार घेतला तो कलकत्त्याच्या बेगमच्या खटल्याचा. मुसलमानांना हा दावा लावता येतो तर हिंदूंना का नाही? असं चर्चचं कुलूप मुसलमान घरातून हिंदू घरात आलं. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’नं आणि ‘मराठा’नं दादाजींची बाजू घेतली. हिंदू धर्म आणि कुटुंब वाचवायचं म्हणून दादाजींच्या खर्चासाठी पैसा उभा राहिला. ज्या हुकुमाचा पाया इंग्लंडच्या चर्च-कोर्टात होता, तो वाचवणं म्हणजे हिंदू धर्म वाचवणं झालं. आणि परंपरेवर घाव घालतोय म्हणून ज्या इंग्रज न्यायाधीशावर टीका झाली, तो सांगत होता की ही तुमची परंपरा नाही.

अखेर जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींना 2,000 रुपये मिळाले, हुकूम अमलात आला नाही. त्यांनी पुढे दुसरं लग्न केलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षं दवाखाने चालवले. 1955 मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्या गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि त्यात कलम 9 घातलं गेलं.

कोर्टाशिवाय परतणं

बायको दूर गेली की तिला हुकुमानंच आणावं लागतं का? त्याच काळातलं दुसरं मराठी घर बघा. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी तो आकाश कोसळल्यासारखा प्रकार होता. त्या नातेवाइकांकडे राहिल्या, सोवळं पाळत, सुमारे पाच वर्षं. आता कायदा बघा. 1866 मध्ये खास धर्मांतरितांसाठी कायदा झाला होता. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदारानं सहा महिने सोडून दिलं तर धर्मांतरिताला कोर्टात जाता येत होतं. जोडीदार तरीही आला नाही तर शेवटी लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांना दोन्ही दारं उघडी होती. ते थांबले. लक्ष्मीबाई स्वतःच्या मनानं परतल्या, आधी वेगळी चूल मांडून, आपलं सोवळं सांभाळून. नवऱ्याच्या धर्मात त्या 1900 मध्ये गेल्या, तेही स्वतःला पटल्यावर. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. हुकमानं आणलेल्या बाईकडून असलं मिश्कील पुस्तक लिहून झालं असतं असं मला वाटत नाही.

उलटं उदाहरण पंजाबातलं. 1920 आणि 30च्या दशकांत तिथल्या काही मुसलमान बायका कोर्टात जाऊन ‘आम्ही ख्रिस्ती झालो’ असं सांगायला लागल्या. हनफी कायद्यात धर्म सोडला की लग्न तुटत असे आणि छळणाऱ्या नवऱ्यापासून सुटायला दुसरी वाट नव्हती. देवबंदी पंडित अशरफ अली थानवी यांनाही याची दखल घ्यावी लागली. त्यांनी मालिकी पंथाच्या नियमांतून बायकांसाठी वाट शोधली. त्यातून 1939चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. दोन वर्षं पोसलं नाही, छळ केला, चार वर्षं ठावठिकाणा नाही, अशा कारणांनी बाईला कोर्टातून सुटता येऊ लागलं. गंमत अशी की ज्या ख्रिस्ती धर्माचं नाव घेऊन त्या सुटत होत्या, त्या धर्मात जन्मलेल्या बाईला निव्वळ छळासाठी घटस्फोट मिळत नव्हता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता, बायकोला मात्र व्यभिचार आणि वर छळ किंवा त्याग असं दोन्ही सिद्ध करावं लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही तरतूद मोडीत काढली आणि 2001 मध्ये संसदेनं कायदा बदलला. तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट आहे.

कुलूप अजून तिथंच

1923 मध्ये भारतातही या हुकुमासाठी तुरुंग बंद झाला, मालमत्तेवर जप्ती मात्र राहिली. इंग्लंडनं 1970 मध्ये हा दावाच रद्द केला. आपल्याकडे 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं कलम 9 घटनाबाह्य ठरवलं. कुणाशी शरीरसंबंध ठेवायचा आणि कधी, हे सरकारनं ठरवायचं नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी खटल्यात कलम पुन्हा वैध ठरवलं. लग्न वाचवायला त्याचा उपयोग होतो, हे कारण दिलं. त्या खटल्यात दावा बायकोनं लावला होता, नवऱ्यानं तो मुकाट्यानं मान्य केला आणि दोघं एकत्र आले नाहीत या आधारावर पुढे घटस्फोट मागितला. लग्न वाचवण्याचा हा नमुना.

तालुक्याच्या कोर्टात आजही या दाव्याचा खरा उपयोग वेगळाच असतो. ‘मी बोलावलं, तीच येत नाही’ असं कागदावर आणायचं, म्हणजे पोटगी टाळता येते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा हुकूम मोडला एवढ्यानं बायकोची पोटगी जात नाही, ती का आली नाही हे बघावं लागेल. डिसेंबर 2021 मध्ये आमच्या शेजारच्या गुजरातच्या उच्च न्यायालयानं एका मुसलमान बाईच्या खटल्यात, तिला नवऱ्यासोबत राहायला कोर्ट भाग पाडू शकत नाही, असं म्हटलं. 2019 पासून कलम 9 आणि विशेष विवाह कायद्यातल्या तशाच कलमाला आव्हान देणारी याचिकाही सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे वेगवेगळे न्यायाधीश त्या आजीच्याच प्रश्नाशी येऊन थांबतायत.

हे कलम जायला हवं असं कुणी म्हणालं की तीन घरांतून एकच आवाज येतो: आमच्या धर्मात ढवळाढवळ नको. तेव्हा त्यांना इतिहास सांगावा. पौलानं देणं सांगितलं ते दोघांचं आणि दुरावा सांगितला तो दोघांच्या संमतीचा. त्यात पोलीस आणि जप्ती नव्हती. निकाह सुरूच होतो कबुलीनं आणि मेहर मिळेपर्यंत नवरीचं ‘नाही’ त्यात चालतं. हिंदू कायद्यात हा दावा नव्हता, हे 1885 सालीच मुंबईच्या कोर्टात सांगून झालंय. हे कलम आपल्या कुणाच्याच धर्मानं दिलेलं नाही. ते एका परक्या घराचं कुलूप आहे, ज्या घरानं ते स्वतः केव्हाच काढून टाकलंय.

‘नांदणं’ या मराठी शब्दात सुखानं राहणं आहे. आहेराच्या भांड्यांवर आपण ‘नांदा सौख्यभरे’ कोरतो, नुसतं ‘राहा’ असं कोरत नाही. राहायला लावता येतं. नांदायला लावता येत नाही.